जुनं घर रिकामं करायचं आहे: ४५ हजार द्यायचे की भंगारवाल्याकडून १० हजार घ्यायचे?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही पुण्याला असता, आणि जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यातल्या गावी तुमच्या आईवडिलांचं पाच खणांचं, माडीचं घर आहे. आई गेल्यापासून सहा वर्षं बंद. तुम्ही आणि दोघा भावांनी मिळून ते विकायला काढलं, इसार घेतला, आणि आता तीन आठवड्यांत मोकळं करून ताबा द्यायचाय. जळगावच्या एकाने घर रिकामं करून द्यायचे ४५,००० रुपये सांगितले. गावातला भंगारवाला म्हणतो, मी सगळं फुकटात उचलतो आणि वर तुम्हालाच १०,००० देतो. तुम्ही विचारताय, ४५,००० जास्त होतात का?

घर बघितल्याशिवाय ४५,००० जास्त की रास्त हे मला सांगता येणार नाही. पण तुम्ही ज्याला 'पाच खणांचं माडीचं घर' म्हणताय, त्याचे १०,००० हे बहुधा फार कमी आहेत.

या धंद्यात मी कसा आलो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझं बोलणं कुठून येतंय ते कळेल. भुसावळला माझा टेम्पो होता. रेल्वेवाल्यांच्या बदल्या झाल्या की क्वार्टरमधलं सामान इकडून तिकडे न्यायचं, हेच काम. मग एका निवृत्त गार्डसाहेबांच्या मुलीने सांगितलं, 'भाऊ, सामान कुठे न्यायचं नाहीये, संपवायचंय.' तिथून सुरुवात झाली. आज अठरा वर्षं भुसावळ, यावल, चोपडा, अमळनेर, धुळ्यापर्यंत हेच करतो. दुकानावर पाटी नाही, कारण या कामाला आपल्याकडे नावच नाही. फोनवर शोधलं तर 'पॅकर्स अँड मूव्हर्स' येतात. ती माणसं चांगलं काम करतात, पण त्यांचं काम सामान एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. तुमचं सगळं काम तर तिथेच आहे.

आता खरा मुद्दा. तुमच्यासमोरचे दोन आकडे एका गोष्टीचे नाहीतच. ४५,००० ही उचलण्याची मजुरी आहे. १०,००० ही तुमच्या वस्तूंची किंमत आहे, ज्यातून भंगारवाल्याने स्वतःची मजुरी आणि नफा आधीच वजा केलाय. त्याने काय काय किती किलो धरलं हे तुम्हाला माहीत नाही, आणि तो सांगणारही नाही. म्हणून मी एकच नियम पाळतो: जो उचलेल त्याने विकत घ्यायचं नाही, आणि जो विकत घेईल त्याने उचलायचं नाही. दोन्ही एकाच्या हातात गेलं की हिशोब त्याच्या डोक्यात राहतो, तुमच्या वहीत येत नाही.

उचलण्याचा हिशोब आधी मांडतो. हे माझे सध्याचे दर, शेजारच्या तालुक्यात थोडे इकडे-तिकडे होतील. निवडायला तीन बायका, दोन दिवस, ७०० रुपये रोज, म्हणजे ४,२००. (हमालांइतकाच रोज का, असं मला दरवेळी विचारतात. हमालाच्या हातून चुकलं तर एखादी खुर्ची मोडते. निवडणारीच्या हातून चुकलं तर तुमच्या शेतीचा कागद रद्दीत जातो.) उचलायला पाच हमाल, दोन दिवस, तोच रोज: ७,०००. छोटा हत्तीच्या अमळनेरपर्यंत सहा फेऱ्या, फेरीला १,०००: ६,०००. एका फेरीत पाऊण टनाच्या आसपासच माल धरायचा, त्यापेक्षा जास्त भरला तर गाडीवाला हो म्हणतो पण चढावर कळतं. कुजलेलं लाकूड, फुटकं सामान, राडारोडा यासाठी ट्रॅक्टर ट्रॉलीच्या दोन फेऱ्या: २,४००. पोती, सुतळी, मास्क, हातमोजे यांना हजार. सर्पमित्राचं पेट्रोल आणि शेवटची झाडलोट १,५००. माझी तीन दिवसांची देखरेख ६,०००. बेरीज होते २८,१००.

मग ४५,००० कुठून आले? लगेच त्या माणसाला लुटारू म्हणू नका. जळगावहून मजूर आणले तर त्यांचं गाडीभाडं, जेवण आणि वाया गेलेला वेळ धरावा लागतो. घर बोळात असेल आणि टेम्पो दारापर्यंत येत नसेल तर प्रत्येक वस्तू दोनदा उचलावी लागते, मजुरी सहज दीडपट होते. माडीचा जिना अरुंद असेल तर वरचं फडताळ जागेवरच खोलावं लागतं, त्याला सुतार लागतो. आणि कदाचित त्याने तुमचं ठेवायचं सामान पुण्याला पोचवण्याचं भाडंही धरलं असेल. साडेतीनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता आहे, त्या एका गोष्टीतच बरेच पैसे जातात. त्याला फोड मागा: मजूर किती, दिवस किती, फेऱ्या किती आणि कुठपर्यंत, राडारोडा धरलाय का. फोड देणाऱ्याशी घासाघीस करता येते. 'सगळं मिळून एवढे' म्हणून जो फोड देत नाही, त्याच्याकडून तुम्हाला शेवटी 'हे त्यात नव्हतं' असं ऐकावं लागेल.

आता दुसरी बाजू, मोड, म्हणजे भंगाराच्या भावाने विकायचा जुना धातू. तुमची आई ज्या पिढीची असावी तिच्या लग्नातली भांडी, तिच्या सासूची भांडी, आणि बंब, हंडे, घंगाळं, पराती, कळश्या, पितळी डबे हे सगळं धरलं तर खान्देशातल्या खात्यापित्या शेतकरी घरात पन्नास ते शंभर किलो तांबं-पितळ निघतं. माझा अनुभव तसाच आहे. एकटा मोठा हंडा पाच-सहा किलो भरतो, तांब्याचा बंब त्याहून जड. समजा तुमच्याकडे ७० किलो पितळ आणि २० किलो तांबं निघालं. गेल्या काही महिन्यांत मला पितळेच्या मोडीला ४५० आणि तांब्याला ६५० रुपये किलोच्या आसपास मिळाले. म्हणजे ३१,५०० आणि १३,०००. वखर-पाभरांचे लोखंडी भाग, जुन्या पाण्याच्या मोटारीचा सांगाडा, पत्र्याच्या पेट्या, खाटा असं अडीचशे किलो लोखंड २८ च्या दराने ७,०००. ॲल्युमिनियम पंधरा किलो, रद्दी क्विंटलभर, दोन्ही मिळून तीन हजारांच्या वर. सगळं मिळून ५४,००० पेक्षा थोडं जास्तच. त्यातून माझे २८,१०० वजा करा. हातात सव्वीस हजार उरतात, आणि त्यात सागवानी पलंग, फडताळ, झोपाळा यांचा एक पैसाही धरलेला नाही. भंगारवाल्याचे १०,००० याच्या शेजारी ठेवून बघा.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर उलटंही होतं. मी स्वतः कितीतरी लोकांना 'द्या भंगारवाल्याला आणि मोकळे व्हा' असं सांगितलंय. भाडेकरू राहून गेलेलं घर, भाऊबंदांनी मोड आधीच नेलेलं घर, नाहीतर चाळीस वर्षांपूर्वी स्टीलची भांडी घेऊन पितळ बोहारणीला दिलेलं घर. अशा घरात प्लायवूडची कपाटं, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि गाद्याच निघतात. त्याची किंमत शून्य, उचलण्याचा त्रास मात्र पूर्ण. तिथे कोणी फुकटात नेत असेल तर चहा पाजून पाठवा. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या माळ्यावर आहे. एकदा जाऊन मोड वजन करा. पुण्याहून येताना घरातला साधा वजनकाटा आणा. आधी स्वतः उभ्या राहा, मग हंडा घेऊन उभ्या राहा, फरक लिहून ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यानंतर तुम्ही कुणाशीही बोलताना अंदाजाने बोलणार नाही.

मोड विकताना दोन ठिकाणी पैसे गळतात. एक म्हणजे घट. भांड्याला लोखंडी कडी, आतली कल्हई, डागलेलं शिसं असतं, म्हणून घेणारा टक्केवारीने वजन कमी धरतो. ते रास्त आहे, पण लोखंडी कड्या आधीच तोडून वेगळ्या ठेवल्या तर घट कमी बसते. दुसरं म्हणजे काटा मारणं. गावोगाव हिंडणाऱ्याच्या स्प्रिंगच्या काट्यावर मी पितळ कधीच तोलत नाही. वैधमापन खात्याचा त्या वर्षाचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा मागतो, आणि तोलण्याआधी माहीत असलेल्या वजनाची वस्तू, म्हणजे पाच किलोची साखरेची गोणी, त्यावर ठेवून बघतो. जड लोखंड जास्त असेल तर सरळ गाडी धर्मकाट्यावर नेतो: रिकामी तोला, भरून तोला. आणि पितळ लोखंडाच्या पोत्यात जाणार नाही हे बघायला पोत्याजवळ आपला माणूस उभा पाहिजे. हे फार घडतं, आणि दरवेळी चोरीने घडतं असंही नाही. घाईत पितळी वाटी लोखंडात जाते आणि २८ च्या भावाने विकली जाते.

जी भांडी अजून चांगली आहेत ती मोडीत घालूच नका. महामार्गावरची हॉटेलं सजावटीला जुने हंडे, बंब, बैलगाडीची चाकं, दळायची जाती विकत घेतात. भाव मोडीपेक्षा बरा मिळतो, पण त्याला वेळ लागतो. तीन आठवड्यांत ते जमेल की नाही ते तुम्ही ठरवा.

निवडण्याबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण लोक इथे पैसे वाचवायला बघतात.

मजुरीचे दोन प्रकार असतात हे तुम्हाला ठाऊक असेल: रोजंदारी आणि उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे मिळून ठरवलेले पैसे. उचलायचं काम उक्तं द्या, लवकर होतं. निवडायचं काम कधीही उक्तं देऊ नका. उक्त्या कामात माणूस वेळ वाचवतो, आणि पेटी उघडून बघण्याऐवजी तशीच उचलणं हाच वेळ वाचवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. माझ्याकडे पहिल्या दिवशी घरातून काहीच बाहेर जात नाही. टेम्पोसुद्धा बोलावत नाही. बायका खोलीखोलीने बसतात आणि चार ढीग करतात: कागद, धातू, वापरायचं, टाकायचं. प्रत्येक गोधडी हाताने चाचपायची, उशीची खोळ उलटी करायची, साड्यांच्या घड्या मोकळ्या करायच्या, डब्यातलं सडलेलं धान्य चाळून मगच ओतायचं. आमच्याकडे एक आजी येतात, त्यांचा हात ज्या कोपऱ्यात थांबतो तिथे त्या फक्त म्हणतात, 'भाऊ, हाई काय शे?' आणि तिथे काहीतरी असतंच.

काय निघतं? एका कोठीत ज्वारीच्या कोंड्याखाली जुन्या पाचशेच्या नोटांची चळत निघाली होती. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा बंद झालेल्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं गुन्हा आहे, कमीत कमी दंडच १०,००० रुपये. घरच्यांना मी तिथल्या तिथे वकिलाकडे पाठवलं. भिंतीतून किंवा जमिनीतून पुरलेलं काही निघालं तर १८७८ चा कायदा लागतो: दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये हा आकडा अजून तोच आहे.

कागदांचं सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलोय. पंधरा-एक वर्षांपूर्वी यावलकडच्या एका घरात फडक्यात बांधलेलं बासन मी जुन्या वह्या समजून रद्दीत घातलं. महिनाभराने मालकाचा फोन आला, त्यात शेताचं खरेदीखत होतं. रद्दीवाल्याच्या गोदामात दोन रात्री बॅटरी घेऊन मी ते शोधलं. सापडलं, पण अर्धं उंदरांनी खाल्लेलं. दस्त नोंदणीकृत होता म्हणून निबंधक कार्यालयातून नक्कल मिळाली, नाहीतर मी त्या घरी तोंड दाखवू शकलो नसतो. तेव्हापासून हाताने लिहिलेला आणि शिक्का असलेला एकही कागद माझ्या कामात रद्दीत जात नाही. तो पेटीत भरून मालकाच्या हातात जातो.

तुमचं घर तर अमळनेर तालुक्यातलं. तुमच्या बाबतीत हे दुप्पट महत्त्वाचं आहे. विप्रो १९४५ मध्ये अमळनेरलाच वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि तालुक्यातल्या अनेक जुन्या घरांनी तिचे शेअर पूर्वीच घेतले, हे तुम्ही ऐकलं असेल. जुनं शेअर सर्टिफिकेट दिसायला शाळेच्या प्रशस्तिपत्रकासारखं असतं, त्यामुळे ते सहज फेकलं जातं. ते कोणत्याही कंपनीचं असो, जपून ठेवा. कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून हस्तांतरित करणं एप्रिल २०१९ पासून बंद झालंय, पण वारसाच्या नावावर करून डीमॅट करता येतात. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असू शकतात, तिथूनही वारसांना अर्ज करून परत मागता येतात. पासबुकंही तशीच जपा. दहा वर्षं न हललेल्या ठेवींचा पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो, बुडत नाही. रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव टाकून शोधता येतं.

पोथ्या निघाल्या तर त्यांना कुणालाही हात लावू देऊ नका. ७५ वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखितं आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, त्यांचा धंदा परवान्याशिवाय चालत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे गेल्यानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेलं, आणि समर्थ वाग्देवता मंदिर हा जुन्या पोथ्यांचा संग्रह आहे. अमळनेरहून धुळं तासाभराच्या अंतरावर. बासन गाडीत ठेवून तिथे दाखवून या, त्यासाठी मजूर लागत नाही.

देवघराबद्दल एक वाक्य. चांदीचे टाक आणि कानबाईचं नारळ कुठे जाणार हे तिघा भावंडांनी मजूर येण्याआधी ठरवा. पहिल्या दिवशी कामावर आल्यावर मी देव हलवत नाही, आणि कोणी हलवायला सांगितलं तरी घरच्यांपैकी एक जण समोर पाहिजे.

धोक्याच्या गोष्टींना खर्चाच्या फोडीत कोणी जागा देत नाही, म्हणून मी इथे सांगतो. सहा वर्षं बंद घर म्हणजे साप असणार हे धरून चाला. नाग दिसतो तरी, मण्यार गोधड्यांच्या ढिगात शांत पडून राहते. कुलूप उघडायच्या दिवशी तालुक्यातला सर्पमित्र सोबत न्या. माळ्यावर कपाशीवर फवारायच्या औषधांचे डबे आणि बाटल्या असतील. त्यातलं काही इतकं जुनं असतं की त्यावर आता बंदीच आहे, जसं एंडोसल्फान, ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. ते नाल्यात ओतायचं नाही, जाळायचं नाही, आणि भंगारवाल्याला 'चांगला डबा आहे' म्हणून द्यायचं नाही, कारण तो डबा धुऊन कुणाच्या तरी घरात तेलाला जातो. बंद झाकणासकट वेगळ्या पेटीत ठेवा आणि कृषी कार्यालयात विचारा.

अंगणात किंवा ओसरीत जमिनीखालचं जुनं धान्याचं पेव असेल तर त्यात कोणालाही उतरू देऊ नका, मजूर कितीही हुशारी दाखवो. कुजलेल्या धान्याने आतला प्राणवायू संपतो आणि माणूस हाक मारायच्या आत खाली बसतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही तिथेच राहतो. पेव उघडं करायचं, दोरीच्या बादलीने काढता येईल तेवढं काढायचं, बाकी तसंच ठेवून घेणाऱ्याला सांगायचं. माझ्या फोडीत पेवाचा खर्च शून्य असतो, कारण ते काम मी घेतच नाही.

बाकीचं पटकन सांगतो. गॅसचं सिलिंडर एजन्सीत परत करा, भंगारात देऊ नका. वडिलांच्या नावावर बंदुकीचा परवाना असेल तर ती आधी पोलीस ठाण्यात जमा झालीय का ते तपासा. भिंतीवर हरणाची शिंगं असतील तर ती विकण्याचा विचारही करू नका, वन्यजीव कायद्यात सरळ गुन्हा आहे, वनखात्याला कळवा. टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टरची बॅटरी हे ई-कचरा आणि बॅटरी घेणाऱ्यांकडेच द्यायचं. कपडे, गाद्या यांचे पैसे येत नाहीत, हे मनाला सांगून टाका.

लाकडाबद्दल मात्र सावध राहा. कोरीव चौकट, सागवानी खांब, तुळया बघून भंगारवाल्याचे डोळे चमकतात, आणि 'हेही काढून नेतो' असं तो सहज म्हणतो. पण दारं, चौकटी, कडीपाट हे घराचाच भाग आहेत. तुम्ही इसार घेतलाय, म्हणजे सौद्यात वेगळं लिहिलं नसेल तर ते घरासोबतच धरलं जातं. चौकट काढली आणि घेणाऱ्याने सौदा मोडला, असं मी दोनदा पाहिलंय. काढायचीच असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या, आणि सागवान जिल्ह्याबाहेर न्यायचं असेल तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याची आधी चौकशी करा. नाक्यावर गाडी अडली की भाडं उभ्या गाडीचंही द्यावं लागतं.

खर्च कशाने हलतो ते एवढंच राहिलं. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा निवडणाऱ्या बायका मिळत नाहीत किंवा रोज वाढवून मागतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात तर कोणी येतच नाही, सगळ्या माहेरी. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की आम्ही सकाळी सहा ते अकरा एवढंच काम करतो, त्यामुळे दोन दिवसांचं काम चार दिवसांचं होतं. पावसात काळ्या मातीत टेम्पो रुतला तर ट्रॅक्टर लागतो. माझ्या मते संक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात स्वस्त आणि बरा. तुमच्याकडे तीन आठवडेच आहेत, त्यामुळे ऋतू निवडायची सोय नाही. पण ताबा द्यायची तारीख आठ दिवस पुढे ढकलता येत असेल तर घेणाऱ्याशी बोलून बघा. घाईतलं काम नेहमी महाग पडतं, मजुरांच्या रोजापेक्षा चुकांमुळे जास्त.

तुम्ही तिघं भावंडं आहात, म्हणून एक गोष्ट पैशांची असूनही कागदावर येत नाही. घरातलं सामान तिघांचं आहे. निवडायच्या दिवशी तिघांपैकी एकजण तरी तिथे असावा, आणि बाकीच्या दोघांनी त्याला लेखी हो म्हणावं, मोबाइलवर मेसेज चालतो. सामानाचे फोटो रात्री सगळ्यांना जायला हवेत, दुसऱ्या दिवशी टेम्पो भरायचा. आईचा पाटा-वरवंटा कुणाला हवा होता हे टेम्पो निघून गेल्यावर कळलं की मला फोन येतात आणि मी पाच किलोमीटर मागे फिरतो. पाटा-वरवंट्याला बाजारात काडीची किंमत नाही, पण सगळ्यात जास्त भांडणं मी त्याच्यावरूनच पाहिलीत.

तर आता करायचं काय? या रविवारी गावी जा. सर्पमित्राला घेऊन कुलूप उघडा, माळ्यावरची मोड खाली काढून वजन करा, कागदांची पेटी स्वतः भरून गाडीत ठेवा. तांब्या-पितळेची मोड साठेक किलोच्या खाली निघाली तर भंगारवाल्याचे १०,००० घ्या आणि कागद काढल्यावर बाकीचं त्याला उचलू द्या. जास्त निघाली तर जळगावच्या माणसाकडून फोड मागून फक्त उचलायचं काम त्याला द्या. त्याला आगाऊ एक तृतीयांश द्या, बाकीचे पैसे घर झाडून झाल्यावर. मोड मात्र तुम्ही स्वतः अमळनेरला किंवा जळगावला दोन दुकानांत भाव विचारून विका.

आणि भंगारवाल्याला नाही म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारून बघा: 'दादा, तुम्ही शिक्क्याचा काटा आमच्या ओट्यावर आणाल का? पितळ, तांबं, लोखंड वेगवेगळं तोलू, किलोवर पैसे द्या, आणि उचलायची मजुरी आम्ही वेगळी देतो.' तो हो म्हणाला तर तो चांगला माणूस आहे, हिशोब तुमच्या वहीत येतो, म्हणून माझा नियम त्याच्यापुरता सोडून त्यालाच काम द्या आणि जळगावच्या माणसाची वाट बघू नका. तो हसून 'ताई, एवढं कशाला, पंधरा हजार घ्या' म्हणाला, तर तुमच्या माळ्यावर काय आहे ते त्याला आधीच माहीत आहे.